चोवीस खाचा

वर्गातल्या तिघी सुटीत पुण्याला गेल्या.
इंटर्नशिप, एसी, गळ्यात ओळखपत्राची निळी फीत.
मी सावद्यालाच राहिले
आणि स्टँडमागच्या गल्लीत
हनीफचाचा पिंजारींच्या दुकानात
केळीच्या उलट्या क्रेटवर जाऊन बसले.

'बोरोल्याची पोर न तू? कायले आली?'
'शिकायला.'
'कॉलेजात नाही शिकवत?'
'शिकवतात. फळ्यावर.'
ते हसले नाहीत.
जळालेला एक स्टेटर पायाने पुढे सरकवला.
'उकल. अन् मोज.'

मे महिना. दुपारी एकला शटर अर्धं खाली,
पंखा हवा नाही, झळ वाटतो.
ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर थांबतात.
मोटार उतरवतात ती आजाऱ्यासारखी,
दोघं धरून, जपून,
आणि पाणीही न पिता विचारतात,
'संध्याकायलोक होईन का?'

जळाली म्हणजे बहुतेक एक फेज गेला.
तिघांतला एक गेला की उरलेले दोन
त्याचंही ओझं ओढतात,
गुरगुरतात, तापतात, काळे पडतात.
हे मला परीक्षेत सात गुणांना आलं होतं.
वास आता कळला.

चोवीस खाचा. प्रत्येकीत कागद,
कागदात तार, तारेवर बांबूची काडी.
फेरे बेचाळीस.
बोटांच्या पेरांना चिरा पडल्या.
आई रात्री खोबरेल लावते, विचारते,
'पैसे देते का तो?'
देत नाही. चहा देतो.

आणि वही देतो उतरवायला.
लाल कापडी बांधणी, नव्वद सालापासूनची
प्रत्येक मोटार: कंपनी, खाचा, फेरे, गेज,
कोपऱ्यात गाव. चिनावल. मस्कावद. खिरोदा.
वहीच्या वर, मीटरच्या बोर्डाशेजारी
त्यांच्या वडिलांची धनुकली टांगलेली, तात सैल.
'अब्बा कापूस मोकया करे,
मी तांबं गुंडायतो,'
एकदाच म्हणाले, सोल्डर वितळेपर्यंत.

तिसऱ्या आठवड्यात मी एकटीने भरलेली पहिली मोटार,
खिरोद्याच्या वासुदेव फेगडेंची,
चौथ्या दिवशी परत आली.
अंगाला हात लावू देईना इतकी गरम.
उकलली. एका गुंडाळीत अडतीसच.
आठवलं: मध्येच फोन वाजला होता,
पुण्याहून, तिघी एकदम बोलत होत्या.

फेगडे काही बोलले नाहीत.
डोक्यावरचा रुमाल सोडला,
झटकला, पुन्हा बांधला.
ते बोलले असते तर बरं झालं असतं.

ती रात्र मी दुकानात,
चाचा दारात खुर्ची टाकून, पाठ माझ्याकडे.
एक शब्द शिकवला नाही.
मी फेरे मोठ्याने मोजले,
समोरच्या चक्कीवरचं कुत्रं ऐकत होतं.
उजाडताना मेगर लावला.
काटा गेला, गेला, आणि जिथे जायला हवा तिथे थांबला.

जूनमध्ये कॉलेजचा अर्ज आला:
संस्थेचे नाव. लेटरहेड. पर्यवेक्षकाचे पदनाम.
चाचांकडे पावतीपुस्तक होतं.
कार्बन घालून, दाबून लिहिलं त्यांनी:
भरलेल्या मोटारी, एकतीस.
परत आलेल्या, एक.

'दुसरी ओळ नको ना, चाचा.'
पेन कानामागे गेलं.
'ती नाही लिहली त पहिली
कोन खरी मानीन?'

सरांनी पावती उलटसुलट पाहिली,
कुठल्या रकान्यात घालावी त्यांना कळेना.
अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे,
पेपरवेटखाली. गुलाबी प्रत माझ्याकडे.

तिघी परत आल्या. निळ्या फिती छान दिसतात, खरंच.
मी मागच्या बाकावर, तास चालू,
आणि अंगठा आपोआप पेरांवरून सरकतो,
एकोणचाळीस, चाळीस,
फोन थरथरतो दप्तरात,
एकेचाळीस,